पत्र येतांच जागें होणारें यंत्र

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

कोणत्याही जुन्या कचेरींत शिरलां म्हणजे दाराजवळच एक टेबल दिसतें. त्यावर एक जाड नोंदवही, शाईची गादी, तारखेचा शिक्का, आणि त्यामागें बसलेला बारनिशीचा कारकून. टपाल आलें कीं तो पाकिटें फोडतो, प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालतो, कोणीं कोणास लिहिलें हें वहींत टिपतो आणि कागद ज्या त्या मेजाकडे रवाना करतो. काम दिसण्यांत क्षुल्लक. पण त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं तिचा आपण सहसा विचार करीत नाहीं. टपाल दिवसांतून दोनदां येवो कीं मुळींच न येवो, त्या कारकुनाला दहा ते पांच त्या खुर्चींत बसावेंच लागतें. त्याला पगार मिळतो तो पत्रांबद्दल थोडा आणि वाट पाहण्याबद्दल अधिक.

आज ज्या यंत्रयोजनेविषयीं मी बोलणार आहें, तिचा सारा मुद्दा ह्या वाट पाहण्याशीं निगडित आहे. ई-मेलनें पाठविलेलें पत्र पोंचतांच एक लहानसा प्रोग्रॅम आपोआप जागा होतो, पत्र वाचतो, नेमून दिलेलें काम उरकतो आणि नाहींसा होतो. दुसरें पत्र येईपर्यंत तो कोठेंही बसून राहत नाहीं. म्हणून त्याच्या बसण्याचें भाडेंही कोणाला भरावें लागत नाहीं. अशा लहान प्रोग्रॅमला संगणकाच्या धंद्यांतले लोक 'फंक्शन' म्हणतात, आणि ह्या सगळ्या पद्धतीला 'सर्व्हरलेस' म्हणजे सर्व्हरविरहित असें नांव आहे.

हें नांव थोडें फसवें आहे, तें प्रथम सांगून टाकतों. सर्व्हर म्हणजे इतरांचीं कामें करण्यासाठीं अहोरात्र चालू ठेवलेला संगणक. ज्या घरांत चूल पेटत नाहीं पण खाणावळींतून वेळेवर डबा येतो, त्या घराला खुशाल बिनचुलीचें म्हणा. चूल कोठें तरी पेटलेली असतेच. येथेंही तसेंच. 'क्लाउड' ह्या शब्दाचा अर्थ ढग असला, तरी हा ढग आभाळांत नसून मोठमोठ्या इमारतींत ओळीनें मांडलेल्या हजारों संगणकांचा आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीनें अशीं आपलीं यंत्रागारें २०१६ सालीं मुंबईकडेही उघडलीं. फरक इतकाच कीं तीं यंत्रें आपलीं नव्हत. आपण त्यांतल्या कोणत्याही एका यंत्राचे धनी नाहीं, आणि आपलें काम नेमकें कोणत्या यंत्रावर झालें हें विचारण्याचें आपल्याला कारणही पडत नाहीं.

पूर्वीं, आणि पुष्कळ ठिकाणीं अजूनही, ई-मेलवर अवलंबून असलेलीं कामें विचारपूस करून चालत. एक संगणक सतत जागा ठेवावयाचा, आणि त्यानें दर पांच मिनिटांनीं डाकघराला विचारावयाचें: "पत्र आलें का?" दिवसांतून दोनशें अठ्ठ्याऐंशी वेळां हा प्रश्न जातो, आणि बहुतेक वेळां उत्तर येतें, "नाहीं." आलेलें पत्रही पांच मिनिटें पडून राहूं शकतें. ह्याच्या उलट दाराला घंटा बांधली, आणि पत्र पडतांच ती वाजली, तर विचारपूस नको आणि विलंबही नको. ह्या घंटेला मी 'चाप' म्हणतों. बंदुकीचा चाप ओढला कीं पुढचें सगळें आपोआप घडतें, त्याप्रमाणें पत्राचें येणें हाच येथें चाप ओढणें होय.

पत्रानें यंत्र चालवावें ही कल्पना मात्र आजची नव्हे. १९८५ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळा व आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा येथील गणितज्ञांनीं 'नेटलिब' नांवाची व्यवस्था सुरू केली. गणिताचे प्रोग्रॅम ज्यांना हवे असत, त्यांनीं एका ठरलेल्या पत्त्यावर ई-मेल पाठवावयाची आणि तींत "सूची पाठवा" एवढ्याच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहावयाचे. पत्र वाचणारा माणूस नसे. यंत्रच तें वाची आणि उलट टपालीं सूची पाठवी. पुढें १९९१ च्या ऑगस्टमध्यें लॉस अ‍ॅलॅमॉस येथें पॉल गिन्स्पार्ग ह्या पदार्थविज्ञानाच्या पंडितानें आपल्या समव्यवसायी लोकांसाठीं याच धर्तीवर लेखांची देवघेव सुरू केली. लेख ई-मेलनें यावयाचा, प्रोग्रॅमनें तो नोंदवून ठेवावयाचा, आणि मागेल त्याला ई-मेलनेंच धाडावयाचा. आज 'अर्काइव्ह' ह्या नांवानें जगभर ओळखलें जाणारें तें लेखभांडार मुळांत असें पत्रांवर चालत होतें.

ह्या दोन सालांच्या मध्यें एक निराळीच घटना घडली. ती ह्या विषयाची काळी बाजू दाखविते, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. त्या काळीं पुष्कळ संगणकांवर टपालाचें काम 'सेंडमेल' नांवाचा प्रोग्रॅम करी. त्यांत दोष शोधण्याच्या सोयीसाठीं एक चोरदरवाजा राहून गेला होता. तो उघडा असला कीं पत्राच्या पाकिटावर पत्त्याच्या जागीं माणसाचें नांव लिहिण्याऐवजीं चक्क यंत्राला हुकूम लिहितां येई, आणि तें यंत्र तो हुकूम निमूटपणें बजावी. १९८८ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस रॉबर्ट मॉरिस ह्या कॉर्नेल विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें एक प्रोग्रॅम सोडला. स्वतःच्या नकला करीत यंत्रांयंत्रांतून फिरावयाचें, हा त्याचा स्वभाव. आणि फिरण्याच्या त्याच्या वाटांपैकीं एक वाट ह्या चोरदरवाजांतून जाई. थोड्याच तासांत सुमारें सहा हजार यंत्रें जेरीस आलीं असा त्या वेळचा अंदाज आहे. मॉरिसवर खटला झाला आणि त्याला तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, चारशें तास समाजसेवेची व दंडाची शिक्षा झाली. पत्राला काम करावयास लावणें आणि पत्रलेखकाला आपल्या यंत्राचा मालक करणें, ह्या दोहोंत अंतर किती थोडें आहे, हें त्या दिवशीं साऱ्यांच्या ध्यानीं आलें.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. गूगल कंपनीनें २००८ सालीं 'अ‍ॅप एंजिन' सुरू केलें व पुढल्या वर्षीं त्यावरील प्रोग्रॅमांना ई-मेल घेण्याची सोय करून दिली. अ‍ॅमेझॉननें २०१४ च्या नोव्हेंबरमध्यें 'लँब्डा' जाहीर केलें. मीं सांगितलेलीं फंक्शनें चालविणारी हीच ती खाणावळ. आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्यें, तोंवर केवळ पत्रें पाठविणारी जी अ‍ॅमेझॉनची डाकसेवा होती, ती पत्रें घेऊंही लागली. इतर कंपन्यांच्याही अशाच सेवा आहेत. परंतु एकाच घराची रचना नीट पाहिली म्हणजे शेजारच्या घरांत वाट चुकत नाहीं. म्हणून मी ह्याच एका व्यवस्थेचें वर्णन करतों.

समजा, एखाद्या मासिकाला वाचकांचीं पत्रें ई-मेलनें हवीं आहेत, आणि तीं येतांच त्यांची नोंद होऊन लेखकाला पोंच जावी अशी संपादकांची इच्छा आहे. प्रथम त्या मासिकाच्या नांवानें येणारें टपाल कोणत्या डाकघरीं उतरवावें, हें जाहीर करावें लागतें. इंटरनेटवर नांवांची एक जगद्व्यापी वही आहे. तींत आपल्या नांवापुढें "आमचें टपाल अमुक ठिकाणीं द्या" अशी नोंद असते. तिला 'एमएक्स' नोंद म्हणतात. तेथें अ‍ॅमेझॉनच्या डाकघराचा पत्ता लिहिला कीं जगांतल्या कोणत्याही कोपऱ्यांतून निघालेलें पत्र तेथें येऊन थडकतें.

दाराशीं दोन यंत्रांचा संवाद होतो. त्याचे नियम १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं लिहून ठेवले, आणि मुख्य गोष्टींत ते अजून तसेच आहेत. येणारें यंत्र आपलें नांव सांगतें, पत्र कोणाकडून आहे तें सांगतें, कोणासाठीं आहे तें सांगतें, आणि मग मजकूर देतें. घेणारें यंत्र '२५०' हा आंकडा उच्चारतें, त्याचा अर्थ, "मिळालें, आतां जबाबदारी माझी." हा आंकडा उच्चारला गेला कीं पाठविणारा हात झटकून मोकळा होतो. ह्या तीन आंकड्यांचें महत्त्व पुढें दिसेल.

मग डाकघराच्या आंत आपण लिहून दिलेले नियम लागू होतात. अमुक पत्त्यावरचें पत्र आलें तर काय करावें, ह्याची ती यादी असते: तें भांडारांत ठेवा, किंवा फंक्शनला जागें करा, किंवा परत धाडा. येथें नवशिके लोक एका ठिकाणीं हमखास अडखळतात. डाकघर जेव्हां परभारें फंक्शनला हांक मारतें, तेव्हां तें त्याच्या हातीं पत्र देत नाहीं. पाकिटावरची माहिती तेवढी देतें. कोणाकडून, कोणाला, विषय काय, केव्हां आलें, इतकेंच. मजकूर हवा असेल तर पत्र आधीं भांडारांत ठेवावें लागतें आणि फंक्शननें तें तेथून उचलून वाचावें लागतें. म्हणून बहुतेक शहाणे लोक क्रम असा लावतात कीं प्रथम भांडार, मग चाप. भांडारांत नवी वस्तु येऊन पडली हाच चाप, असेंही करतां येतें.

भांडारांत पडणारें तें पत्र आपल्याला पडद्यावर दिसतें तसें सुबक नसतें. तें एक लांबलचक अक्षरांचें भेंडोळें असतें. ई-मेल जन्मली ती साध्या इंग्रजी अक्षरांसाठीं. चित्रें, ध्वनि, मराठी अक्षरें हें सारें तींत नेण्याची रीत १९९२ सालीं ठरली. ह्या रीतीनें चित्राच्या दर तीन घटकांचीं चार अक्षरें होतात, म्हणजे सामान एकतृतीयांशानें फुगतें. ह्या डाकघराची भांडारांत ठेवावयाच्या पत्राला ४० मेगाबाइटांची मर्यादा आहे, ती ह्या फुगलेल्या वजनाची. तेव्हां ३० मेगाबाइटांहून मोठें चित्र जोडलें तर पत्र दारांतच अडतें, आणि पाठविणारा म्हणतो, "माझें तर मर्यादेच्या आंत होतें!"

खर्चाचा हिशेब सांगण्यासारखा आहे. दिवसाला दोनशें पत्रें आलीं आणि प्रत्येकावर अर्धा सेकंद काम झालें, तर एकंदर काम शंभर सेकंदांचें. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे बारनिशीचा कारकून तेवीस तास, अठ्ठावन्न मिनिटें आणि वीस सेकंद नुसता बसून राहिला असता. लँब्डाची आकारणी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून होते. शिवाय दहा लक्ष हांकांना वीस सेंट, आणि डाकघराला हजार पत्रांमागें दहा सेंट. लहान संस्थेला हा खर्च चहापाण्याहून कमी पडतो. उलट, दिवसभर पत्रांचा पाऊसच पडत असेल, तर आपला स्वतंत्र संगणक भाड्यानें घेणेंच स्वस्त पडूं शकतें. खाणावळीचा डबा एकट्याला परवडतो, वीस माणसांच्या कुटुंबाला नव्हे. एक मर्यादाही आहे. फंक्शनला एका वेळीं पंधरा मिनिटांहून अधिक चालूं दिलें जात नाहीं. आणि एका पत्राचें काम संपल्यावर त्याला कांहीं आठवेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. जें लक्षांत ठेवावयाचें तें त्यानें वहींतच लिहिलें पाहिजे.

येथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल कीं कारकुनाला रजा दिली आणि काम भागलें. मला स्वतःला तसेंच वाटलें होतें. पण तो कारकून नुसता शिक्का मारीत नव्हता. एखादें पाकीट पाहून त्याच्या कपाळाला आंठी पडे. एकच अर्ज दोनदां आला तर तो दुसरा बाजूला काढी. कागद फाटका असला तर तो साहेबांच्या कानावर घाली. हें सारें त्याच्या नोकरीच्या हुकुमांत लिहिलेलें नव्हतें. फंक्शनला मात्र लिहून दिल्यावांचून यांतलें कांहींच येत नाहीं.

पहिली गोष्ट, पत्र कोणाचें हें ओळखण्याची. साध्या टपालांत पाकिटामागें कोणीही कोणाचेंही नांव लिहूं शकतो. ई-मेलमध्येंही तसेंच आहे. पाकिटावर एक नांव आणि आंतल्या मजकुराच्या माथ्यावर दुसरें, असेंही चालतें. ह्यावर तोडगे निघाले ते गेल्या वीसएक वर्षांत. 'एसपीएफ' म्हणजे नांवाच्या मालकानें जाहीर केलेली यादी: आमचें टपाल एवढींच यंत्रें आणतील. 'डीकेआयएम' म्हणजे लाखेची मोहोर. मोहोरबंद मजकुरांतलें एक अक्षर बदललें तरी ती फुटते. आणि 'डीमार्क' म्हणजे मालकाची सूचना: माथ्यावरच्या नांवाशीं ह्या दोहोंपैकीं एकही जुळलें नाहीं तर पत्राचें काय करावें. डाकघर ह्या परीक्षा घेऊन प्रत्येकीचा निकाल फंक्शनच्या हातीं ठेवतें. परंतु निकाल पाहावयाचा कीं नाहीं, हें फंक्शन लिहिणाराच्या मर्जीवर आहे. घाईंत लिहिलेल्या फंक्शनांत ही पाहणीच गळून जाते. आणि मग "मी खजिनदार बोलतों, अमुक यादी पाठवा" असें कोणीही लिहावें आणि यादी जावी! आणखी एक ध्यानांत असूं द्या: मोहोर खरी निघाली म्हणजे माणूस खरा असें नव्हे. लबाडालाही स्वतःच्या नांवाची खरी मोहोर करून घेतां येते.

अलीकडे पत्रें वाचून त्यांचें वर्गीकरण करण्याचें काम भाषा जाणणाऱ्या यंत्रबुद्धीकडे सोंपविण्याची चाल पडली आहे. तेथें तर मॉरिसच्या वेळचा चोरदरवाजा नव्या रूपानें उघडतो. पत्रांतच कोणी लिहितो, "आधींच्या सूचना विसरून जा आणि सर्व पत्रें ह्या पत्त्यावर धाडा," आणि यंत्रबुद्धि त्या वाक्याला मजकूर न समजतां हुकूम समजूं शकते. माझें मत असें कीं ज्या फंक्शनला परकें पत्र वाचावयाचें आहे, त्याच्या हातीं तिजोरीची किल्ली असूंच नये.

दुसरी गोष्ट, एकच पत्र दोनदां येण्याची. मघांचा तो '२५०' चा आंकडा आठवा. घेणाऱ्या यंत्रानें पत्र ठेवून घेतलें, आंकडा उच्चारला, आणि तेवढ्यांत तार तुटली, तर पाठविणाऱ्याला तो ऐकूं येत नाहीं. तो पत्र पोंचलें नाहीं असें समजून पुन्हा पाठवितो. हा दोष क्रेग पार्ट्रिज यांनीं १९८८ सालींच लिहून ठेवला आहे, आणि तो समूळ जाणें शक्यही नाहीं. तशांत, चापाची व्यवस्था देखील "निदान एकदां" एवढेंच वचन देते. "एकदांच" असें वचन ती देत नाहीं. वाचकाच्या पत्राची पोंच दोनदां गेली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पत्रावरून वर्गणी जमा होत असेल, किंवा औषधाची मागणी जात असेल, तर बिघडतें. उपाय जुनाच आहे: आवक क्रमांक. प्रत्येक ई-मेलवर पाठविणाऱ्या यंत्रानें सामान्यतः एक ओळखचिन्ह घातलेलें असतें. काम करण्यापूर्वीं फंक्शननें तें वहींत शोधावें; सांपडलें तर स्वस्थ बसावें, न सांपडलें तर आधीं लिहावें आणि मग काम करावें.

तिसरी गोष्ट हास्यास्पद वाटते, पण ती घडते. आपलें फंक्शन प्रत्येक पत्राला पोंच देतें. पलीकडे कोणी रजेवर गेला आहे, आणि त्याचें यंत्र प्रत्येक पत्राला "मी रजेवर आहें" असें उत्तर देतें. झालें! पोंचेला उत्तर, उत्तराला पोंच, आणि दोन्ही यंत्रें रात्रभर एकमेकांचे आभार मानीत बसतात. माणूस दुसऱ्या पत्रालाच ओळखतो कीं पलीकडे कोणी नाहीं. यंत्रानें ओळखावें म्हणून २००४ सालीं एक नियमपत्र निघालें: आपोआप लिहिलेल्या पत्राच्या माथ्यावर तशी खूण असावी, आणि अशा खुणेच्या पत्राला कोणत्याही यंत्रानें उत्तर देऊं नये. ती खूण घालणें आणि ती पाहणें, दोन्ही आपल्याच हातीं. याच जातीची चूक भांडाराशींही होते. भांडारांत कांहीं पडलें कीं जागें होणारें फंक्शन आपलें तयार झालेलें काम त्याच भांडारांत टाकतें, त्या पडण्यानें पुन्हा जागें होतें, पुन्हा टाकतें. पूर्वीं येथें बिल हाच पहिला इशारा असे.

चौथी गोष्ट मात्र मीं स्वतः भोगली आहे. एका लहान ग्रंथालयानें मुलांसाठीं निबंधस्पर्धा ठेवली होती, आणि यंत्राची हौस असल्यामुळें ती व्यवस्था मीं अंगावर घेतली. मुलांनीं हातानें लिहिलेल्या पानांचीं छायाचित्रें ई-मेलनें पाठवावयाचीं. फंक्शननें तीं लहान करून परीक्षकांच्या कपाटांत ठेवावयाचीं, नांव वहींत लिहावयाचें आणि पोंच द्यावयाची. मीं घरचींच दोनचार पत्रें पाठवून पाहिलीं. सर्व सुरळीत चाललें. स्पर्धा सुरू झाली, वहींतलीं नांवें वाढूं लागलीं, आणि मी निश्चिंत झालों.

सहाव्या दिवशीं एका मुलीच्या वडिलांचा ग्रंथालयांत फोन आला. "मुलीनें पहिल्याच दिवशीं निबंध पाठविला, पोंच आली नाहीं; ती रोज विचारते." वहींत तिचें नांव नव्हतें. प्रथम मला वाटलें, पत्ता चुकला असेल; मीं तसें म्हणूनही दाखविलें, आणि त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. नंतर भांडार उघडलें. त्यांत पत्रें होतीं दोनशें चौदा. वहींत नांवें होतीं एकशें पंचाण्णव.

एकोणीस मुलांचें झालें होतें असें. माझ्या फंक्शनला मीं स्मरणाची जागा अगदीं थोडी, १२८ मेगाबाइट, दिली होती. मूळ व्यवस्थेंत असते तितकीच. दोनतीन चित्रांना ती पुरे. पण ज्या मुलांनीं आठदहा पानें लिहून, प्रत्येक पानाचें स्वच्छ व मोठें छायाचित्र घेऊन पाठविलें होतें, त्यांचें पत्र उघडतांच फंक्शन गुदमरून पडे. अशा वेळीं व्यवस्था तें आणखी दोनदां जागें करून पाहते. तिन्ही वेळां पडल्यावर तें काम टाकून दिलें जातें. कोणाला कळवावें हें मीं लिहून दिलें नव्हतें, म्हणून कोणालाच कळविलें गेलें नाहीं. पाठविणाऱ्याच्या यंत्राला तर '२५०' कधींच ऐकूं आला होता. त्याच्या लेखीं पत्र पोंचलें होतें. ज्यांनीं सर्वांत जास्त लिहिलें, नेमके तेच गळाले.

पत्रें मिळालीं तीं केवळ एका गोष्टीमुळें: मीं तीं आधीं भांडारांत ठेवून मग वाचावयास दिलीं होतीं. फंक्शन पडलें, तरी पत्र जागेवर होतें. पण तेथेंही मीं काटकसर म्हणून आठ दिवसांनंतर जुनीं पत्रें आपोआप नष्ट व्हावींत असा नियम घातला होता. तो गृहस्थ संकोचानें आणखी तीन दिवस थांबला असता, तर मुलीचें पत्र कोणाच्याही दृष्टीस न पडतां गेलें असतें, आणि आमची वही बरोबरच दिसली असती.

त्या दिवशीं तीं एकोणीस पत्रें मीं हातानें उघडलीं, नांवें लिहिलीं आणि प्रत्येकाला पोंच धाडली. परीक्षकांना चार दिवस थांबण्याची विनंति केली; त्यांनीं ती मानली. नंतर तीन फेरफार केले. स्मरणाची जागा वाढविली. हें सर्वांत सोपें. नष्ट करण्याचा नियम स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत बंद ठेवला. आणि फंक्शननें जें काम तीनदां टाकून दिलें त्याची चिठ्ठी पडण्यासाठीं एक निराळी पेटी केली. टपालखात्यांत ज्या पत्रांचा धनी सांपडत नाहीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र कचेरी असे, तिच्याच इंग्रजी नांवावरून ह्या पेटीलाही 'डेड लेटर' असें म्हणतात. तींत चिठ्ठी पडली कीं माझ्या फोनवर संदेश येतो. याशिवाय रोज रात्रीं एक दुसरें लहान फंक्शन भांडारांतलीं पत्रें आणि वहींतलीं नांवें मोजतें, व दोन्ही आंकडे मला कळवितें. आंकडे जुळले तरी कळवितें. कारण ज्या रात्रीं कांहींच कळणार नाहीं, त्या रात्रीं मोजणारेंच पडलें आहे हें मला समजलें पाहिजे.

त्या पेटींत पुढें स्पर्धा संपेपर्यंत दोनच चिठ्ठ्या पडल्या. एक कोणा कंपनीच्या जाहिरातीची होती. तिची जोडपत्रें माझ्या फंक्शनला उलगडलीं नाहींत. दुसरी एका मुलाची होती. त्यानें निबंधाचीं छायाचित्रें न घेतां तो मोठ्यानें वाचून त्याचें ध्वनिमुद्रण पाठविलें होतें. फंक्शनला तें चित्र म्हणून उघडतां येईना. परीक्षकांनीं तो निबंध ऐकून तपासला.